शाळा किती दूर आणि पगार किती तारखेला

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्तकी दिल्लीत आले, त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेतून महिला पत्रकारांना वगळण्यात आले, त्याच दिवशी भारताने काबूलमधील आपल्या तांत्रिक कार्यालयाला दूतावासाचा दर्जा देण्याचे जाहीर केले, आणि इंदुरातल्या मराठी घरांना दिवाळीच्या फराळाबरोबर वादाला एक विषय मिळाला. मुलींना सहावीनंतर घरी बसवणाऱ्या राजवटीच्या देशात शाळांसाठी भारताने पैसा द्यावा का? रामबागेतल्या बैठकांपासून व्हॉट्सअॅपवरच्या मित्रमंडळांपर्यंत जे ऐकायला मिळाले त्यात दोन तट स्पष्ट होते. एका तटाचे म्हणणे असे, की आधी तिथे शांतता आणि शहाणे सरकार येऊ द्या, मग शाळांचे बघू. तोवर दिलेला रुपया तालिबानच्याच खिशात जाणार. दुसऱ्याचे म्हणणे असे, की शिक्षण हे पुण्यकर्म आहे, तेव्हा काबूलमध्ये भारताच्या नावाची एक देखणी शाळा बांधून द्यावी आणि मोठ्या मुलींना इथून ऑनलाइन शिकवावे. सावित्रीबाईंचे नाव दोन्हीकडून घेतले गेले. शिकणारे मूल नेमके कुठे बसते, तिथवर ते कसे पोचते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला पगार कोण देते, हे मात्र कोणी विचारले नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गरीब आणि युद्धाने पोखरलेल्या देशात मूल शिकेल की नाही हे बहुतांशी दोन गोष्टींवर ठरते: शाळा त्याच्या पायांना झेपेल इतक्या अंतरावर आहे का, आणि शिकवणाऱ्याच्या हाती महिन्याचे पैसे महिन्याला पडतात का. सरकार कोणाचे, इमारत केवढी, अभ्यासक्रम किती आधुनिक हे प्रश्न खोटे नाहीत. पण ते या दोन प्रश्नांच्या मागून येतात आणि पुष्कळदा या दोहोंच्या उत्तरातूनच सुटू लागतात. म्हणून भारताने मदत द्यावी, अफगाणिस्तानातही द्यावी, मात्र ती इमारतींसाठी आणि सरकारी तिजोरीत न देता गावागावांतल्या छोट्या वर्गांसाठी आणि शिक्षकांच्या मानधनासाठी द्यावी.

‘आधी शांतता’ या म्हणण्यात व्यवहाराचे शहाणपण दिसते, पण त्यात काळाचा हिशेब नाही. एप्रिल १९७८ मध्ये काबूलला सत्तापालट झाला तेव्हापासून त्या देशाने सलग दहा वर्षे निवांतपणा पाहिलेला नाही. त्या वर्षी जन्मलेले मूल आज आजोबा असू शकते. प्राथमिक शाळेचे वय सहाव्या वर्षी सुरू होते आणि बाराव्या-तेराव्या वर्षी संपते. युद्ध एवढ्या वेळात आटोपेल याची हमी कोण देणार? रस्ता, धरण, वीजघर पाच वर्षांनी बांधले तरी चालते, खर्च वाढतो इतकेच. सहा वर्षांच्या मुलीचे सहावे वर्ष मात्र पुढच्या अंदाजपत्रकात ढकलता येत नाही. आणि शांतता आल्यावर शाळा चालवणार कोण? अफगाणिस्तानात २००२ च्या मार्चमध्ये शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा सुमारे तीस लाख मुले दारात येऊन उभी राहिली. त्यांना शिकवायला ज्या बाया पुढे आल्या त्या कुठून आल्या? काही तालिबानच्या पहिल्या राजवटीपूर्वी शिकून झालेल्या होत्या, आणि काहींनी त्या राजवटीतही घराच्या बंद दारांआड मुलींचे वर्ग चालवले होते. हेरातमध्ये शिवणवर्गाच्या नावाखाली बाया साहित्य शिकत होत्या, ही गोष्ट आज जगजाहीर आहे. शांततेच्या काळातील शिक्षिका अशांततेच्या काळातच घडलेली असते. ती तेव्हा घडली नाही तर शांतता येऊनही वर्ग रिकामाच राहतो.

आता अंतराचा मुद्दा, कारण चर्चेत तो कोणाच्याच तोंडून आला नाही आणि माझ्या मते निम्मा प्रश्न तिथेच आहे. अफगाणिस्तानच्या वायव्येकडे घोर नावाचा डोंगराळ, दरिद्री प्रांत आहे. तिथे २००७ मध्ये डेना बर्ड आणि ली लिंडन या संशोधकांनी ३१ गावे घेऊन एक प्रयोग केला. त्यांतल्या काही गावांत गावातच शाळा सुरू झाली आणि बाकीच्या गावांतली मुले पूर्वीप्रमाणे दूरच्या सरकारी शाळेवर अवलंबून राहिली. कोणत्या गावांना आधी शाळा मिळेल हे नशिबावर सोडले होते, म्हणजे तुलना न्याय्य व्हावी. जागा गावाने दिली, अभ्यासक्रम सरकारी होता, शिक्षक आसपासचाच जो कोणी शिकलेला असेल तो. एका वर्षात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ४२ टक्के-बिंदूंनी वाढले. मुलींचे ५२ टक्के-बिंदूंनी वाढले, आणि मुलगे-मुली यांच्यातली २१ टक्के-बिंदूंची दरी बुजली. परीक्षेतले गुणही वाढले, मुलींचे अधिक. शाळा एका मैलाने लांब गेली की पटावर येणाऱ्यांचे प्रमाण सरासरी १६ टक्के-बिंदूंनी घसरते, असेही त्यात दिसले. या आकड्यांकडे नीट पाहावे. घोरमधल्या बापांचे मन कोणी भाषणे देऊन वळवले नव्हते, मुल्लांशी कोणी वादविवाद केला नव्हता, सरकारही बदलले नव्हते. ज्याला आपण ‘त्यांची संस्कृती’ म्हणून हात झटकतो, त्यातला केवढा तरी भाग डोंगरातली पायवाट, वाटेवरची भीती आणि पोरीला एकटी पाठवण्याची काळजी एवढाच होता.

इंदूरच्या माणसाला हे पटवून द्यायला घोरला जावे लागू नये. आपल्याच मध्य प्रदेशाने हा प्रयोग त्याच्या दहा वर्षे आधी, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर केला आहे. १९९६ मध्ये लोकसंपर्क अभियानात घरोघर फिरून मुलांची मोजदाद झाली, तेव्हा कागदोपत्री शाळा असलेल्या गावांतही शेकडो वस्त्या शाळेपासून तुटलेल्या आहेत असे दिसून आले. त्यातून १ जानेवारी १९९७ ला शिक्षण गॅरंटी योजना सुरू झाली. नियम अगदी साधा होता: एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि वस्तीत शिकण्याच्या वयाची ४० मुले असतील, आदिवासी भागात २५ असली तरी पुरे, तर गावाने मागणी करावी आणि सरकारने ९० दिवसांत शिक्षक द्यावा. शिक्षक म्हणजे वस्तीतलाच, गावाने सुचवलेला गुरुजी. मानधन सुरुवातीला महिना ५०० रुपये. जागेची सोय गावाने करायची. पाहता पाहता राज्यात अशा वीस हजारांहून अधिक शाळा उभ्या राहिल्या.

ज्यांनी झाबुआ किंवा आलीराजपूरकडच्या भिल्ल वस्त्या पाहिल्या आहेत त्यांना या नियमाचे मर्म लगेच कळेल. तिथे गाव म्हणजे एका जागी गजबजलेली घरे नसतात. एकेक फळिया, म्हणजे घरांचा पुंजका, एकेका टेकडीवर, मध्ये शेते, मध्ये नाला. सरकारच्या लेखी शाळा ‘गावात’ असते आणि ती असते पटेलाच्या फळियात. पलीकडच्या टेकडीवरच्या आठ वर्षांच्या पोरीला तिथे जायचे तर दोन नाले ओलांडायचे, आणि जुलै ते सप्टेंबर ते नाले कोणालाच ओलांडू देत नाहीत. अशाच एका फळियातला गॅरंटी शाळेचा वर्ग मी पाहिला आहे. एका घराची शेणाने सारवलेली ओसरी, कुडाच्या भिंतीला टेकवलेला फळा, समोर दोन रांगा, आणि मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला. गुरुजी भिलीत प्रश्न विचारत होते आणि हिंदीत उत्तर फळ्यावर लिहीत होते. ती मुलगी भावाला थोपटत थोपटत बेरीज करत होती. दोन किलोमीटरवरच्या पक्क्या इमारतीत ती त्या भावासह कधीच पोचली नसती, आणि पोचली असती तर त्या भावाला पाहून मास्तरांनी तिला परत पाठवले असते.

या सगळ्याचे श्रेय एका योजनेला देण्याचा अतिरेक मी करणार नाही. १९९१ च्या जनगणनेत आजच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीत स्त्रियांची साक्षरता तिशीच्या आत होती आणि २००१ मध्ये ती पन्नास टक्क्यांपर्यंत आली, त्यात प्रौढशिक्षणाच्या मोहिमांचाही वाटा आहे. पण वस्तीत शाळा आली नसती तर एवढी उडी मारता आली असती, असे मानायला मला कोणतेही कारण सापडत नाही.

यावर शिक्षणातले जाणकार जो आक्षेप घेतात तो फराळाच्या गप्पांतल्या आक्षेपांपेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि तो मला मान्यही आहे. ते म्हणतात, गरिबाच्या पोराला ओसरी आणि ५०० रुपयांचा गुरुजी, श्रीमंताच्या पोराला इमारत आणि प्रशिक्षित शिक्षक, हा न्याय कुठला? एकदा स्वस्त सोय झाली की सरकार खऱ्या शाळेची जबाबदारी झटकते, तात्पुरते ते कायमचे होऊन बसते. आपल्याकडे हे घडले. गुरुजींना संविदा, म्हणजे कंत्राटी, शिक्षक होण्यासाठी वर्षानुवर्षे भोपाळला धरणी धरावी लागली, परीक्षा द्याव्या लागल्या, आणि पुष्कळांची उमेदीची वर्षे तुटपुंज्या मानधनावर गेली. आफ्रिकेतला दाखलाही याच बाजूचा आहे: युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी माफ केली, पट तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या पुढे गेला, आणि एकेका वर्गात इतकी मुले कोंबली गेली की शिकवणे नावापुरते उरले. प्रवेश मिळणे म्हणजे शिक्षण मिळणे नव्हे, हे खरेच आहे.

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? युगांडात आधीच्याच शाळांची दारे उघडली गेली आणि मुलांचा लोंढा त्याच खोल्यांत शिरला. नवे वर्ग आणि नवे शिक्षक त्या वेगाने आले नाहीत. वस्तीतल्या वर्गाचे गणित याच्या नेमके उलट आहे, पंचवीस-तीस मुलांमागे एक माणूस. म्हणूनच घोरमध्ये पटाबरोबर गुणही वाढले. आणि आपल्या गुरुजींवर झालेला अन्याय पगाराचा होता, अंतराचा नव्हता. गॅरंटी शाळा पुढे नियमित प्राथमिक शाळा झाल्या. ज्या फळियात १९९६ साली काहीच नव्हते तिथे आज शासकीय शाळेची पाटी आहे, आणि ती पाटी मागण्याचा हक्क त्या ओसरीनेच वस्तीच्या पदरात टाकला. चांगली शाळा नको म्हणून वाईट शाळा, असा पर्याय तिथे कोणाच्याच समोर नव्हता. समोर होते ते शेळ्या आणि गुजरातेत मजुरीला जाणारी गाडी.

पगाराबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण युद्धात शाळा बंद पडतात त्या बॉम्बनेच, असा आपला समज आहे. येमेनकडे पाहा. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचे मुख्यालय सनाहून एडनला हलवले गेले, देशाची तिजोरी दोन प्रतिस्पर्ध्यांत वाटली गेली, आणि उत्तरेकडच्या सरकारी नोकरांचे पगार थांबले. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे एक लाख सत्तर हजारांहून अधिक शिक्षक, म्हणजे देशातल्या शिक्षकांपैकी दोन तृतीयांश, वर्षानुवर्षे नियमित पगाराविना राहिले. इमारती उभ्या होत्या, मुले येत होती, फळे होते. पण तीन महिने उधारीवर काढलेला मास्तर चौथ्या महिन्यात टॅक्सी चालवायला किंवा भाजी विकायला जाणार नाही तर काय करणार? बॉम्ब पडलेल्या शाळेचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. पगार न मिळाल्याने गळालेल्या शाळेचे छायाचित्र कसे काढणार?

आपल्या परंपरेत हे सर्वांत स्पष्टपणे जोतीराव फुल्यांनी सांगितले आहे, आणि सावित्रीबाईंचा जयजयकार करणाऱ्यांनी त्यांच्या पतीचे १८८२ चे हंटर शिक्षण आयोगापुढचे निवेदन एकदा वाचावे. त्यात शिक्षणाच्या महतीवर पाल्हाळ नाही. सरकार शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाला उच्च शिक्षण देते ही तक्रार आहे, आणि मग सरळ व्यवहार आहे: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातलेच घ्या म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांना प्रशिक्षण द्या, आणि पगार बारा रुपयांपेक्षा कमी ठेवू नका, मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्या. गावातला माणूस आणि पोटभर पगार, दोन्ही एका दमात. आमच्या गॅरंटी योजनेने यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. तिचे यश आणि तिची लाज या दोन्हींचा उगम तिथे आहे.

आता तालिबानला मान्यता मिळेल, या भीतीकडे वळतो. ही भीती बाळगणाऱ्यांना मी भाबडे समजत नाही. सप्टेंबर २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद आहेत. २३ मार्च २०२२ ला त्या उघडणार म्हणून मुली दप्तरे घेऊन आल्या आणि त्यांना त्याच दिवशी परत पाठवले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणी तयार करणाऱ्या संस्थाही. युनेस्कोच्या म्हणण्याप्रमाणे २०२४ पर्यंत चौदा लाख मुली या धोरणामुळे जाणूनबुजून शिक्षणाबाहेर ठेवल्या गेल्या. अशा राजवटीच्या मंत्र्याला दिल्लीत गालिचा अंथरायचा आणि वर त्यांच्या शाळांचा खर्चही उचलायचा, हे कोणाही विचारी माणसाला बोचणारच. आणि त्याहूनही बोचणारा प्रश्न असा, की सहावीच्या पुढे भिंत असेल तर सहावीपर्यंतच्या शिक्षणावर खर्च कशासाठी? ज्या मुलीला बाराव्या वर्षी घरी बसायचे आहे तिला अपूर्णांक शिकवून काय साधणार?

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही असे वाटून मी बराच काळ गप्प होतो. आज निदान एवढे म्हणू शकतो, की याच प्रश्नात मदत थांबवण्याविरुद्धचे सर्वांत मोठे कारण दडलेले आहे. भिंत सहावीवर आहे म्हणून आपण पहिलीपासूनच हात काढून घेतला, तर ती भिंत आपणच पहिलीपर्यंत खाली आणली असे होईल. तसे घडतेही आहे. युनेस्कोच्याच आकड्यांनुसार अफगाणिस्तानात प्राथमिक शाळांतली मुले २०१९ मधल्या ६८ लाखांवरून २०२२ मध्ये ५७ लाखांवर आली, आणि त्यात मुलगेही घटले. कारण काय? स्त्रियांनी मुलग्यांना शिकवू नये असा हुकूम निघाला, शिक्षक कमी पडले, घरची कमाई आटली. मुलींवरची बंदी मुलग्यांच्या वर्गात अशी पोचली. पंधरा वर्षांनी ही भिंत पडली, आणि इतिहासात अशा भिंती पडलेल्या आहेत, तेव्हा सहावी शिकलेली सव्वीस वर्षांची बाई सातवीच्या पुस्तकाला हात घालू शकेल. जिला अक्षरओळखच नाही तिच्यासाठी ती भिंत पडली काय आणि राहिली काय? शिवाय मुलींना शिकवायला त्या समाजात बाईच लागते. आज सहावीतल्या मुली कमी झाल्या की उद्याच्या शिक्षिकांचा झरा उगमापाशीच आटतो, आणि मग तालिबानला बंदी घालण्याचेही श्रम पडणार नाहीत.

राहिला पैसा कोणाच्या हाती पडतो हा मुद्दा. तो सोडवता येतो, कारण सोडवला गेला आहे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा जगाने अफगाणिस्तानची गंगाजळी गोठवली होती, तेव्हा युरोपीय संघाच्या पैशातून युनिसेफने सुमारे १ लाख ९४ हजार सरकारी शिक्षकांना महिना शंभर डॉलरच्या हिशेबाने थेट मानधन दिले. मंत्रालयाच्या खात्यात रक्कम गेली नाही. गावातले छोटे वर्गही गेली अनेक वर्षे असेच चालतात. जून २०२३ मध्ये परदेशी संस्थांनी शिक्षणातून बाहेर पडावे अशा हालचाली तालिबानने सुरू केल्या, तेव्हा युनिसेफने जाहीर केले की पाच लाखांहून अधिक मुलांचे, त्यांतल्या तीन लाखांहून अधिक मुलींचे वर्ग धोक्यात येतील. ही संख्या पुन्हा वाचा: निम्म्याहून जास्त मुली. ज्या राजवटीला मुलींचे शिकणे नको आहे तिलाच हे वर्ग खुपतात, आणि ‘तालिबानला बळ मिळेल’ म्हणून आपणही तेच वर्ग बंद पडू द्यावेत असे म्हणतो, यातली विसंगती कोणाला दिसत नाही का?

भव्य शाळेचा आग्रह धरणाऱ्या दुसऱ्या तटालाही इतिहासाने पुरेसे धडे दिले आहेत. अमानुल्ला खान आणि राणी सुरैया यांनी १९२१ मध्ये काबूलमध्ये मुलींची शाळा काढली, पुढे काही मुलींना शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवले; हेतू उत्तम होता, पण सारा थाट राजधानीचा. १९२८ च्या अखेरीस बंड झाले, जानेवारी १९२९ मध्ये राजाने गादी सोडली, आणि शाळेवर ‘राजाचे खूळ’ असा शिक्का बसला. १९७८ नंतरच्या साम्यवादी सरकारने तर गावोगाव बायकांना साक्षरता वर्गात सक्तीने बसवले. मार्च १९७९ च्या हेरातच्या उठावामागे जी चीड होती तिच्यात या सक्तीचाही भाग होता. मग सक्ती कधीच चालत नाही का? चालते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी ती चालवून दाखवली. पण त्यांनी आरंभ अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांतून १८९३ मध्ये केला, शिक्षक आणि खर्च यांचा अंदाज घेत तेरा वर्षे घालवली, आणि १९०६ मध्ये कायदा सगळ्या संस्थानाला लागू केला. अस्पृश्यांच्या शाळांसाठी सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून त्यांनी वर्ग चालू ठेवले. आदर्श शिक्षकाची वाट पाहत बसले नाहीत. अफगाण खेड्यातल्या वर्गात मुल्लाच मास्तर असेल तर नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या इमारतीला युद्धभूमीत आणखी एक शाप असतो: ती दोन्ही बाजूंच्या डोळ्यांत येते. पूर्वी आपल्याच राज्यात असलेल्या बस्तरमध्ये हे घडले. पक्क्या शाळांत सुरक्षा दलांचे तळ पडले, म्हणून माओवाद्यांनी शाळा उडवल्या, आणि दलांनी शाळा खाली कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावे लागले. काबूलच्या दश्त-ए-बर्चीत ८ मे २०२१ ला सय्यद उल-शुहदा शाळेबाहेर झालेल्या स्फोटांत ऐंशीहून अधिक जीव गेले, बहुतेक शाळकरी मुली. वस्तीतला ओसरीवरचा वर्ग अभेद्य असतो असे कोणी म्हणणार नाही. पण त्यात सैन्य उतरत नाही, तिथे शेकडो मुली एकाच वेळी फाटकातून बाहेर पडत नाहीत, आणि त्याच्यावर हात टाकणारा गावाच्याच पोरांवर हात टाकतो. शिवाय ओसरीवरचा वर्ग चालू आहे की नाही हे साऱ्या वस्तीला ठाऊक असते. अफगाणिस्तानात अमेरिकेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळांपैकी काही केवळ कागदावर होत्या, अशी कबुली तिथल्याच अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये संसदेपुढे दिली होती.

ऑनलाइनच्या उत्साहाबद्दल एकच सांगतो. २९ सप्टेंबर २०२५ ला तालिबानने देशभराचे इंटरनेट दोन दिवस बंद केले. कळ त्यांच्या हातात आहे. शहरातल्या, घरात फोन असलेल्या मोठ्या मुलींना त्याचा आधार जरूर द्यावा, पण घोरमधल्या सात वर्षांच्या मुलीला तो लागू नाही.

तेव्हा भारताने करायचे ते असे. काबूलची हबीबिया शाळा आपण पुन्हा बांधून दिली, जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत शाळकरी मुलांना प्रथिनयुक्त बिस्किटे पाठवली. बिस्किटे पुन्हा सुरू करावीत, कारण ती थेट मुलाच्या हातात पडतात, इमारत मात्र आता नको. जो पैसा द्यायचा तो युनिसेफसारख्या संस्थेमार्फत वस्तीतल्या वर्गांच्या मानधनाला बांधावा, दर महिन्याला पोचेल असा, निदान पाच वर्षांच्या लेखी वचनासह. कारण एका वर्षाच्या मदतीवर कोणतीही बाई आपल्या घरात वर्ग उघडण्याचा धोका पत्करणार नाही. अट एकच घालावी, की वर्गात मुली असतील, आणि ती जिल्हावार तपासावी. एखाद्या जिल्ह्यात त्यांना मज्जाव झाला तर तिथल्या मुलग्यांचे वर्ग बंद पाडू नयेत, त्या जिल्ह्यातला मुलींचा वाटा घरगुती वर्ग चालवणाऱ्या बायांकडे वळवावा आणि त्यांची नावे कोणत्याही अहवालात छापू नयेत. ऑगस्ट २०२१ मध्ये आपण अफगाण विद्यार्थ्यांचे आधी दिलेले व्हिसा एका फटक्यात रद्द केले होते. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींना ते परत द्यायला तर काबूलची परवानगीही लागत नाही, दिल्लीतल्या एका सहीची गरज आहे.